महागड्या रेस्टॉरंटचा डिस्काउंटवाला सेट मेनू ट्राय करावा का?

तुम्ही विचारलंय की एरवी खिशाला न परवडणाऱ्या एका रेस्टॉरंटने काही दिवसांसाठी तीन कोर्सचा सेट मेनू कमी किमतीत काढलाय, तर जावं का, की अशा ऑफरमध्ये काहीतरी दुय्यम जेवण देऊन गुंडाळतात. माझं म्हणणं, जा, नक्की जा, फक्त पैसे वाचवायला जाऊ नका. त्या किचनचा हात कसा आहे ते स्वस्तात बघून यायला जा. या दोन्हीत फरक असतो हे मला बिल हातात आल्यावर कळलं.

झालं असं की लग्नाच्या वाढदिवसाला मी आणि बायको अशाच एका ठिकाणी गेलो, नाव नाही सांगत. ऑफर बघूनच बुकिंग केलं होतं पण फोनवर ऑफरचा विषयच काढला नाही, म्हटलं उगाच कंजूस वाटायला नको. बसल्यावर वेटरने नेहमीचा जाडजूड मेनू पुढे ठेवला, ऑफरचं कार्ड कुठेच नाही. मागितलं तर "अच्छा, तो हवाय का" असं म्हणून आत गेला आणि पोस्टकार्डाएवढा एक कागद घेऊन आला. प्रत्येक कोर्सला तीन ऑप्शन, त्यातल्या जरा बऱ्या वाटणाऱ्या डिशपुढे बारीकशी चांदणी, आणि अगदी तळाला मुंगीएवढ्या अक्षरात लिहिलेलं की चांदणीवाल्या डिशला जादा पैसे पडतील. मी तर दोन चांदण्या ऑर्डर करून मोकळा झालो होतो, बायकोने चष्मा काढून कागद पार नाकाजवळ नेला म्हणून वाचलो. मग पाणी. "स्टिल की स्पार्कलिंग?" (म्हणजे विकतच्या बाटलीतलं बिनबुडबुड्यांचं की बुडबुड्यांचं) असं इतक्या अदबीने विचारलं की साधं पाणी नावाचा तिसरा प्रकारही जगात असतो हे आम्ही दोघंही विसरलो. वर एकेक ड्रिंक. शेवटी हिशोब केला तर जेवणावर जेवढे वाचले होते तेवढे सगळे ड्रिंक्स आणि पाण्याच्या बाटल्यांत गेले, टॅक्स आणि सर्व्हिस चार्ज वेगळा. नाकापेक्षा मोती जड म्हणतात ते हेच.

आता जेवण. स्टार्टर एक नंबर होतं, आजही आठवतं. मेन कोर्सच्या सॉसवर मात्र साय धरली होती, चमच्याने ढकलली की सुरकुती पडायची, म्हणजे प्लेट भरून बराच वेळ उभी होती. पण यात फसवणूक वगैरे मला वाटत नाही, चूक आमचीच, आम्ही ऐन गर्दीच्या वेळी गेलो. ऑफरच्या दिवसांत अख्खा हॉल त्याच आठ-नऊ डिश मागवत असतो, त्यामुळे किचनमध्ये घाऊक काम चालतं, बरंचसं आधी करून ठेवलेलं असतं आणि वेटरला एका हातात चार टेबलांच्या प्लेट न्यायच्या असतात. तेच तुम्ही आठवड्याच्या मधल्या दिवशी, किचन उघडल्या उघडल्या गेलात तर ताजं आणि गरम मिळायची शक्यता बरीच जास्त.

आणि स्वस्त म्हणजे हलकंच असणार असंही नसतं बरं का. टेबल रिकामं राहिलं तरी जागेचं भाडं आणि स्टाफचे पगार चुकत नाहीत, म्हणून ज्या दिवशी किंवा ज्या वेळी गिऱ्हाईक कमी तिथे ऑफर टाकतात. डिश मोजक्याच असल्या की माल एकदम घेता येतो, वाया कमी जातो, आचाऱ्याचा वेळ वाचतो. या गोष्टी खऱ्या आहेत, त्यामुळे किंमत कमी करूनही त्यांना परवडतं. शिवाय नवीन माणसाने एकदा येऊन बघावं हाही हेतू असतोच. न्यूयॉर्कचा रेस्टॉरंट वीक 1992 साली असाच सुरू झाला, तिथे डेमोक्रॅटिक पक्षाचं अधिवेशन होतं, बाहेरून माणसं येणार होती, म्हणून चांगल्या चांगल्या रेस्टॉरंट्सनी दुपारचा सेट मेनू काढला आणि किंमत ठेवली 19.92 डॉलर, म्हणजे ते सालच. तेवढ्यापुरती काढलेली आयडिया, पण लोकांना इतकी आवडली की ती तिथे अजून चालू आहे आणि पुढे कितीतरी शहरांनी उचलली.

तुम्ही जायच्या आधी घरी बसून एक गोष्ट करा, त्यांचा नेहमीचा मेनू ऑनलाइन काढा आणि ऑफर नसती तर तुम्ही खरंच काय मागवलं असतं तेवढ्याचीच बेरीज करा. तिन्ही कोर्सची नाही. मी एरवी डेझर्ट घेतच नाही, मग डेझर्टसकट सेट मेनू "किती स्वस्त" म्हणण्यात माझा काय फायदा? आणि ऑफरमधल्या डिश नेहमीच्या मेनूवर आहेत का तेही बघा. असतील तर तुम्ही त्या किचनचं रोजचं जेवण चाखताय, नसतील आणि ऑफरपुरतंच काहीतरी वेगळं शिजवत असतील तर त्यावरून त्या रेस्टॉरंटबद्दल मत बनवण्यात अर्थ नाही, निदान मी तरी जाणार नाही.

बुकिंग करताना ऑफरचं स्पष्ट सांगा, लाजू नका, त्यांनीच जाहीर केलीये. तेव्हाच विचारून घ्या की टेबलावरच्या सगळ्यांनी सेट मेनूच घ्यायचा की एकाने घेतला तरी चालतं, कारण बऱ्याच ठिकाणी सगळ्यांनी घ्यावाच लागतो. चालत असेल तर एकाने सेट आणि एकाने नेहमीच्या मेनूतून मागवायचं, दोन्हीची चव कळते. ॲलर्जी वगैरे असेल तर तेही आधीच सांगा, सेट मेनूत बदल करून द्यायला ते फारसे राजी नसतात. किती वेळ बसता येईल हेही विचारा, दीड तासात टेबल सोडायला सांगणारे आहेत. टीप देणार असाल तर मूळ किमतीच्या अंदाजाने द्या, वेटरने काही डिस्काउंटमध्ये कमी फेऱ्या मारलेल्या नसतात.

आम्ही त्याच ठिकाणी दोनेक महिन्यांनी परत गेलो, ऑफर संपल्यावर, त्या स्टार्टरसाठी. दोन स्टार्टर मागवली, एक मेन कोर्स दोघांत वाटून खाल्ला, या वेळी सॉस एकदम ताजा. वेटरने परत तसंच अदबीने स्टिल की स्पार्कलिंग विचारलं, बायको म्हणाली साधं, जगमधलं. बिल ऑफरच्या रात्रीपेक्षा कमी आलं.