वडिलांची 1978 ची पद्मिनी गाडी निळा धूर सोडते. इंजिन खोलून नव्याने बांधावं की मित्र म्हणतात तसं मारुतीचं दुसरं टाकावं? खर्च किती येईल? आणि ट्यूनिंग केलं तर पिकअप वाढेल का?

आधी इंजिन खोलू नका. हे सांगताना मी स्वतःच्याच पोटावर पाय आणतोय, कारण कोल्हापुरात उद्यमनगरात माझं जॉब वर्कचं छोटं मशीनशॉप आहे. ब्लॉक (चारही सिलिंडर असलेलं इंजिनचं मुख्य अंग) बोअर करणं म्हणजे सिलिंडर आतून मोठा कापणं, होनिंग म्हणजे तो दगडाने घासून नेमक्या मापाला आणणं, हेड फेसिंग म्हणजे सिलिंडरवरच्या झाकणाचा तळ सपाट करणं, हाच आमचा रोजचा धंदा. पण तुम्ही जे लिहिलंय, म्हणजे सकाळी पहिल्या स्टार्टला भसकन निळा धूर येतो, पाच मिनिटांत कमी होतो, चढाला गाडी दम टाकते आणि मेकॅनिक ‘इंजिन बांधायला लागणार’ म्हणून मोकळा झाला, एवढ्यावरून इंजिन गेलं असं मी तरी म्हणणार नाही.

रात्रभर उभ्या गाडीत हेडमधलं ऑइल व्हॉल्व्हच्या गाइडमधून (व्हॉल्व्ह ज्या नळीत सरकतो तिच्यातून) हळूहळू खाली झिरपतं आणि सकाळी ते जळतं. घाट उतरताना बराच वेळ ॲक्सिलरेटरवरून पाय काढलेला असला आणि खाली आल्यावर पुन्हा दाबला की मागे निळा ढग उठतो, तेही बहुतेक वेळा गाइडच. रिंगा, म्हणजे पिस्टनभोवतीच्या कड्या, गेलेल्या गाडीची तऱ्हा वेगळी. ती गरम झाल्यावरही धूर सोडते, लोड आला की जास्त सोडते, आणि इंजिन चालू असताना ऑइल भरायचं टोपण काढलं तर तिथून भसाभसा वाफा मारते. गाइडचं काम म्हणजे फक्त हेड उतरवायचं, गाइड बदलायचे, सीट कापायच्या, व्हॉल्व्ह घासून बसवायचे. ब्लॉक गाडीतून बाहेर काढायचीसुद्धा गरज नाही. फुल इंजिन आणि हेडचं काम यांच्या खर्चात किती फरक पडतो ते तुमच्या मेकॅनिकलाही माहीत आहे.

म्हणून पहिलं काम कॉम्प्रेशन तपासणं, म्हणजे पिस्टन वर येताना सिलिंडरमध्ये किती दाब तयार होतो ते मोजणं. गेज स्वस्तात मिळतो, नाहीतर कुठल्याही जुन्या गॅरेजमध्ये असतो. इंजिन गरम करा, चारही प्लग काढा, कॉइलची वायर सोडवा, बॅटरी पूर्ण चार्ज असू द्या, आणि कुणाला तरी ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून धरायला बसवा. हे शेवटचं लोक विसरतात आणि मग आकडे कमी आले म्हणून घाबरतात. प्रत्येक सिलिंडरला सारखेच पाच-सहा फेरे द्या आणि आकडा लिहून ठेवा. मग प्लगच्या भोकातून एक चमचा इंजिन ऑइल आत सोडून पुन्हा मोजा. ऑइल टाकल्यावर आकडा चांगला वर गेला तर रिंगा-बोअर झिजलेत, कारण ऑइलने ती फट तात्पुरती बुजवली. आकडा हलला नाही तर गळती वर व्हॉल्व्हमध्ये आहे. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम पडलेले आणि ऑइलनेही फरक नाही, तर त्या दोघांच्या मधला हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉकच्या मधलं सील) फुटलाय. चारही आकडे चांगले असले आणि एकमेकांच्या दहा टक्क्यांच्या आत असले तर इंजिन मुळात धडधाकट आहे आणि पिकअपचं दुखणं दुसरीकडे शोधायला हवं.

दुसरीकडे म्हणजे बहुतेक वेळा डिस्ट्रिब्युटरमध्ये, जो प्रत्येक प्लगला वेळेवर ठिणगी पोचवतो. गेल्या पावसाळ्यानंतर एक गिऱ्हाईक टेम्पोत घालून पद्मिनीचं अख्खं इंजिन घेऊन आलं, बोअर करून द्या म्हणून. मोजलं तर बोअरमध्ये नाव ठेवायला जागा नव्हती. ‘डिस्ट्रिब्युटर घेऊन या’ म्हटलं. टोपीखालची प्लेट काढली तर ॲडव्हान्सची वजनं वाळून चिकट झालेल्या ग्रीसमध्ये घट्ट अडकलेली. म्हणजे इंजिनचा स्पीड वाढेल तसं टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) पुढे जायला हवं, ते जागचं हलतच नव्हतं. रॉकेलमध्ये धुऊन दोन थेंब ऑइल दिलं, पॉइंट (उघडझाप करून ठिणगी पाडणारे संपर्क) नवे टाकले, काम संपलं. त्याने इंजिन उतरवायची आणि चढवायची मजुरी मात्र भरलेली होती.

टायमिंग लावायला टायमिंग लाइट नसली तरी चालतं. कॉइलहून डिस्ट्रिब्युटरला जी बारीक वायर जाते त्या टोकाला आणि बॉडीला 12 व्होल्टचा बल्ब जोडा, इग्निशन चालू करा आणि इंजिन हाताने, फिरतं त्याच दिशेने हळूहळू फिरवा. बल्ब पेटला त्या क्षणी पॉइंट उघडला. पुलीवरची खूण त्याच क्षणी इंजिनवरच्या टायमिंगच्या खुणेसमोर यायला हवी. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडरना ठिणगी मिळण्याचा क्रम, 1-3-4-2. वायरी चुकवू नका. हसू नका, चुकतात.

आता समजा रिंगाच गेल्या आहेत आणि खोलायचंच ठरलं. मग हे इंजिन आहे काय ते आधी समजून घ्या, म्हणजे मित्रांच्या ‘मारुतीचं टाक’ या सल्ल्याचं काय करायचं ते तुमचं तुम्हालाच कळेल. पद्मिनीचं 1089 सीसीचं इंजिन म्हणजे 68 मिलिमीटर बोअर (सिलिंडरचा व्यास) आणि 75 मिलिमीटर स्ट्रोक (पिस्टनची वर-खाली धाव). फियाटने ही मापं 1937 मध्ये 508 सी या गाडीत आणली, आणि ती गाडी दान्ते जाकोसा या इंजिनिअरच्या हातची. वालचंद हिराचंदांनी 1944 मध्ये काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून आधी ‘डुक्कर’ टोपणनावाची फियाट, मग 1964 ची डिलाइट, मग प्रेसिडेंट आणि 1974 पासून पद्मिनी बाहेर पडली, ती सगळी याच घराण्यातली. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात चिसितालिया 202 नावाची एक देखणी इटालियन गाडी ठेवलेली आहे. तिच्या बॉनेटखालीही याच फियाट 1100 वरून बेतलेलं 1089 सीसीचं इंजिन आहे. मुंबईच्या जुन्या काळ्यापिवळ्या टॅक्सीत आणि त्या गाडीत पाळंमुळं एकच, हे सांगितलं की आमच्याकडे चहा प्यायला आलेले लोक दोन मिनिटं गप्प बसतात.

सांगायचा मुद्दा, हे साधं, दणकट इंजिन आहे. ओतीव लोखंडाचा ब्लॉक, ॲल्युमिनियमचं हेड, खाली तीन मेन बेअरिंग. ब्लॉक सहसा मरत नाही. बोअर शेवटच्या ओव्हरसाइजच्याही (सगळ्यात मोठ्या पिस्टनच्या मापाच्याही) पुढे झिजला तर कोरडी स्लीव्ह, म्हणजे आत बसवायची नवी नळी, ठोकून पुन्हा 68 वर आणता येतो. मरतं ते हेड. वर्षानुवर्षं रेडिएटरमध्ये कूलंटऐवजी नळाचं पाणी ओतलं की ॲल्युमिनियमच्या पाण्याच्या वाटा आतून कुरतडल्या जातात. हेड उतरवल्यावर पहिली नजर तिथे टाका. गॅस्केट बसतो त्या काठापर्यंत खड्डे आले असतील तर भरून घ्यावं लागेल किंवा दुसरं हेड शोधावं लागेल.

ब्लॉक उघडा पडला की आधी नख फिरवा. सिलिंडरच्या वरच्या टोकाला, जिथे रिंग पोहोचत नाही, तिथे नख अडकलं तर झीज झालीय. पण नखावर पिस्टन विकत घेऊ नका. डायल बोअर गेजने प्रत्येक सिलिंडर वर, मध्ये, खाली, आणि प्रत्येक ठिकाणी आडवा-उभा असा मोजायचा. चार सिलिंडरची 24 मापं होतात. ती कागदावर लिहून मागा. ‘साहेब, बघून कळतंय’ म्हणणाऱ्या बोअरवाल्याकडून ब्लॉक परत उचला. क्रँकचंही (पिस्टनच्या ढकलण्याने फिरणाऱ्या दांड्याचंही) तसंच, प्रत्येक जर्नल, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणारा भाग, दोन दिशांनी मोजायचा, आणि त्यावरून तो घासून लहान करताना दहा थाऊचा (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग) अंडरसाइज लागणार की वीसचा ते ठरणार.

आणि पिस्टन आधी, बोअर नंतर. पिस्टन हातात आल्याशिवाय मी ब्लॉक मशीनवर चढवत नाही, मग गिऱ्हाईक कितीही घाईत असो. एकाच डब्यातल्या चार पिस्टनमध्येसुद्धा किंचित फरक असतो. प्रत्येक पिस्टन मोजून, त्याच्या कागदावर लिहिलेली फट ठेवून त्याचा-त्याचा सिलिंडर होन करायचा आणि पिस्टनवर नंबर घालायचा. पुण्यात नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याला फिरलात तर जुन्या डब्यातले पिस्टन-रिंगा अजून मिळतात. डब्यावरचं माप वाचून समाधान मानू नका, मायक्रोमीटर लावा.

आता माझी स्वतःची लाज सांगतो. धंद्यात नवा होतो तेव्हा काकांची पद्मिनी मीच बांधली. बोअर सुरेख झालं, होनिंगच्या रेघा अशा की बघत राहावं. ब्लॉक रॉकेलने धुतला, हवा मारली, बांधला. चारशेएक किलोमीटरवर खालून खट्खट् आवाज. खोललं तर बेअरिंगमध्ये करड्या रंगाची भुकटी रुतलेली आणि क्रँकवर रेघोट्या. होनिंगच्या दगडाची ती पूड. रॉकेल ती हलवतं, पण रेघांमधून काढत नाही, आणि ऑइलच्या गॅलरीचे, म्हणजे ब्लॉकमधल्या ऑइलच्या वाटांवरचे बुचासारखे प्लग मी उघडलेच नव्हते, त्यामुळे तिथे साठलेली पूड पहिल्या दिवसापासून थेट बेअरिंगला जात राहिली. काका काही बोलले नाहीत, सहा महिने बसने फिरले. तेव्हापासून आमच्याकडे नियम: गॅलरीचे सगळे प्लग काढायचे, गरम पाणी आणि कपड्याचा साबण, बाटली धुवायच्या ब्रशने घासायचं, गॅलरीतून लांब ब्रश आरपार काढायचा, मग हवा, आणि शेवटी पांढरं धोतराचं फडकं ऑइलमध्ये भिजवून सिलिंडरमधून फिरवायचं. फडकं करडं आलं की पुन्हा साबण. तीन-चार वेळा तरी होतं. धुतल्यावर लगेच ऑइल लावायचं, नाहीतर तासाभरात गंज धरतो.

ट्यूनिंगबद्दल विचारलंत. बोअर मोठा केला की ताकद वाढते असं बऱ्याच जणांना वाटतं. हिशोब करा: 68 चा बोअर 69 केला तर 1089 चे 1122 सीसी होतात, म्हणजे जेमतेम तीन टक्के. तेवढं तर नीट लावलेल्या टायमिंगमध्येच सापडतं. खरी करामत हेडमध्ये. 1950 च्या दशकाच्या शेवटी इटलीतल्या स्टांग्वेल्लिनीने फॉर्म्युला ज्युनिअरच्या रेसगाड्यांत हेच 1100 चं इंजिन बसवून मूळच्या दुपटीच्या आसपास ताकद काढली होती, पण ती दोन वेबर कार्बोरेटर, रेसचा कॅम (व्हॉल्व्हची उघडझाप करणारा दांडा) आणि साडेसात हजारांच्या घरातला स्पीड यांच्या जोरावर. ती गाडी भाजी आणायला चालत नाही.

तुमच्या कामाचं तेवढं सांगतो. एका सिलिंडरची जागा 272 सीसी. कॉम्प्रेशनचं प्रमाण साडेसातला एक असेल तर पिस्टन वर असताना उरलेली जागा साधारण 42 सीसी, आठला एक हवं तर 39. फरक फक्त 3 सीसीचा. म्हणून हेड फेसिंगला दिलं की ‘साफ होईपर्यंत मार’ म्हणू नका, किती थाऊ काढले ते विचारा, आणि हेडमधले चारही चेंबर, म्हणजे पेट्रोल जळतं ते खड्डे, सिरिंजने ऑइल भरून मोजा. वर एक प्लॅस्टिकची पट्टी, तिला भोक, बस्स. चारही सारखे करा. इनटेकच्या वाटेत गॅस्केटची कड आत आलेली असते ती कापा, मॅनिफोल्ड (हेडला जोडलेल्या नळ्या) आणि हेडची भोकं समोरासमोर येतात का बघा. चारही सिलिंडर सारखे ओढायला लागले की इंजिन आयडलला जे गुळगुळीत बसतं, ते बॉनेटवर पाण्याचा पेला ठेवून बघा.

पेट्रोलचं मात्र मनावर घ्या. आता पंपावर वीस टक्के इथेनॉलचं पेट्रोल येतं. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन आधीच असतो, त्यामुळे जुन्या जेटवर (कार्बोरेटरमध्ये पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोक) हवा-पेट्रोलचं मिक्स्चर पातळ होतं, गाडी तापते, सायलेन्सरमधून फटफट करते. सोलेक्स कार्बोरेटरच्या मेन जेटवरचा नंबर म्हणजे भोकाचा व्यास मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. समजा 120 चा आहे, तर 125 टाकला की भोकाचं क्षेत्रफळ साडेआठ टक्क्यांनी वाढतं. बहुतेक वेळा एवढं पुरतं, प्लगचा रंग बघून ठरवा. पेट्रोल पंपाचा डायफ्रॅम, कार्बोरेटरमधले डायफ्रॅम आणि सगळ्या रबरी नळ्या इथेनॉल चालणाऱ्या जातीच्या घाला. गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल तर टाकी अर्धी ठेवू नका, इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं आणि टाकी आतून गंजते.

दुसरं इंजिन टाकायचं म्हणाल तर आरसी बुकात इंजिन नंबर बदलून घ्यावा लागतो, त्यासाठी आरटीओची परवानगी लागते. शिवाय तुमची गाडी 1978 ची, म्हणजे 2028 मध्ये 50 वर्षं पूर्ण. 2021 पासून पन्नाशी ओलांडलेल्या गाड्यांना व्हिंटेज म्हणून वेगळी नोंदणी मिळते, पण त्यासाठी चासी, बॉडी किंवा इंजिनात बदल केलेला चालत नाही. दोन वर्षांच्या पिकअपसाठी तो दरवाजा बंद करायचा का, ते घरात बसून ठरवा.

बांधून झाल्यावर प्लग न लावता स्टार्टर मारत राहा, ऑइलचा दिवा विझेपर्यंत. मग प्लग लावून स्टार्ट करा आणि पहिली पंधरा-वीस मिनिटं आयडलला सोडू नका, दीड-दोन हजारांवर फिरू द्या, नाहीतर नवा कॅम तिथेच घासला जातो. ऑइल साधं मिनरल 20 डब्ल्यू 50. पाचशे किलोमीटरला ते बदला आणि इंजिन थंड असताना हेडचे नट पुन्हा टॉर्कला बघा.

खर्चाचा आकडा विचारलात, तो मोजल्याशिवाय सांगणार नाही. आधी कॉम्प्रेशनचे आठ आकडे घ्या, चार कोरडे, चार ऑइलचे, आणि इथे खाली टाका. रविवारी आमचं दुकान बंद असतं, तेव्हा निवांत बघून सांगतो.