परागकणांची अ‍ॅलर्जी असल्यास गोव्यातील घरात हवा कशी राखावी?

आपण विचारले आहे की, सोलापूरहून बदली होऊन पर्वरीला आल्यापासून आपल्या पत्नीला दर वर्षी पावसाळा सरताना शिंका, नाक वाहणे आणि डोळ्यांची खाज सुरू होते, डॉक्टरांनी परागकणांची अ‍ॅलर्जी असल्याचे सांगितले आहे, तर घरासाठी एअर प्युरिफायर घ्यावा का. माझे घर डिचोली तालुक्यात आहे आणि माझ्या मुलीला हाच त्रास गेली नऊ वर्षे आहे. त्या अनुभवावरून सांगतो की यंत्र घ्यावे, पण सर्वांत शेवटी. त्याआधीची कामे झाली नाहीत, तर यंत्राचे पैसे वाया जातात.

याचे कारण परागकणाच्या आकारात आहे. गवताचा परागकण साधारण ३० ते ४० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) असतो, तर धुराचे कण बहुतांशी एका मायक्रॉनहूनही लहान असतात. धूर तासन् तास तरंगत राहतो. परागकण मात्र स्थिर हवेत माणसाच्या उंचीवरून एक-दोन मिनिटांत जमिनीवर येऊन बसतो. यंत्र केवळ तरंगणारे कण ओढू शकते. फरशीवर, उशीवर आणि पडद्यावर बसलेले कण त्याच्या आवाक्यात येत नाहीत. पंखा लावला, चादर झटकली किंवा केरसुणी फिरवली की तेच कण पुन्हा नाकाशी येतात. म्हणून खरे काम दोनच ठिकाणी आहे: कण आत येण्याच्या वाटेवर आणि ते जेथे बसतात तेथे.

आत येण्याच्या वाटेबद्दल बोलताना आधी बाहेर काय फुलते ते पाहावे लागते. ज्या फुलांचे पराग कीटक वाहून नेतात, ते चिकट आणि जड असल्याने फारसे उडत नाहीत. अंगणातल्या जास्वंदीला दोष देण्याचे कारण नाही. त्रास मुख्यतः वाऱ्यावर पराग सोडणाऱ्या वनस्पतींचा असतो. पर्वरी पठारावर आहे, आणि पावसाळ्याच्या उत्तरार्धात आपल्याकडच्या सड्यांवर व माळांवर गवत फुलोऱ्यावर येते. त्याच सुमारास सखल भागातील शरदाचे, म्हणजे पावसाळी पिकाचे, भातही फुलते. रस्त्याच्या कडेला गाजरगवत असते, किनाऱ्यावर सुरूची बने आहेत, आणि माडाला तर वर्षभर एकामागून एक पोय, म्हणजे फुलोरा, येत राहते. काजू आणि आंबा हिवाळ्यात मोहरतात; त्यांचे परागीकरण मुख्यतः कीटकांकडून होत असले, तरी काजूच्या परागांची अ‍ॅलर्जी दम्याच्या रुग्णांत आढळल्याची नोंद वैद्यकीय संशोधनात आहे. आपण सांगितलेला काळ पाहता माझा पहिला संशय गवतावर जातो, पण निदान त्वचेवरील चाचणीनेच करून घ्यावे. त्या चाचणीपूर्वी शिंकांच्या गोळ्या काही दिवस बंद ठेवाव्या लागतात. किती दिवस, ते डॉक्टरांनाच विचारावे.

गवते आणि भात यांची फुले बहुधा सकाळी उघडतात आणि दव सुकून वारा सुटला की पराग हवेत पसरतात. म्हणून त्या दोन-अडीच महिन्यांत आम्ही मुलीच्या खोलीच्या खिडक्या पहाटेपासून दुपार उलटेपर्यंत बंद ठेवतो आणि सरीने हवा धुऊन निघाल्यावर उघडतो. ऑक्टोबरातील गडगडाटी पावसाच्या आरंभी मात्र त्या मुळीच उघडू नयेत. ओलाव्याने परागकण फुटून त्यांचे अतिसूक्ष्म तुकडे होतात आणि ते थेट फुप्फुसात उतरतात. मेलबर्न शहरात २१ नोव्हेंबर २०१६ रोजी अशाच वादळानंतर दम्याची लाट आली आणि दहा माणसे दगावली. घरात कोणाला दमा असेल, तर ही गोष्ट लक्षात ठेवावीच.

खिडकीच्या मच्छरजाळीवर विसंबू नये. तिची छिद्रे साधारण एक मिलिमीटरची असतात आणि परागकण त्याच्या पंचवीस-तीस पट लहान असतो. जाळीवर काही कण अडकतात खरे, पण जाळी आठवड्याला पुसली नाही, तर तेच कण पहिल्या वाऱ्यासरशी आत येतात.

आमची सर्वांत मोठी चूक येथे सांगणे मला आवश्यक वाटते. आमचे घर जुने, मंगळुरी कौलांचे आहे. भिंत आणि छप्पर यांच्यामधून आकाश दिसते, आणि उन्हाळ्यात त्यामुळेच घर थंड राहते. अशा घराच्या मधल्या दालनात आम्ही महागडा प्युरिफायर आणून ठेवला आणि पूर्ण मोसमभर चालवला. मुलीच्या शिंकांत तसूभरही फरक पडला नाही. यंत्र जेवढी हवा गाळत होते, तेवढीच नवी हवा कौलांच्या फटींतून येत होती. पुढच्या वर्षी आम्ही फक्त तिच्या निजण्याच्या खोलीला खालून छत मारून घेतले, दाराच्या खालची फट बुजवली, आणि तेच यंत्र त्या खोलीत ठेवले. तेव्हा प्रथमच ती रात्रभर सलग झोपली. आपली सदनिका स्लॅबची असल्याने आपले काम सोपे आहे, तरीही सबंध घर शुद्ध करण्याचा आग्रह न धरता निजण्याची एकच खोली राखावी, कारण दिवसाचे सात-आठ तास माणूस तेथेच सलग श्वास घेतो.

त्या खोलीत कोरडा झाडू बंद करावा. लादी ओल्या फडक्याने पुसावी, तेही आपल्या पत्नींनी नव्हे, दुसऱ्या कोणी. फर्निचर आणि पंख्याची पाती ओलसर कापडाने पुसावीत. जाड पडदे, गालिचा आणि कपड्यांचे ढीग तेथे नसावेत. चादरी व उशांचे अभ्रे आठवड्याला धुवावेत आणि मोसमात ते अंगणात किंवा गॅलरीत वाळत घालू नयेत, कारण ओले कापड उडत्या परागांना उत्तम चिकटून बसते. केसांचेही तसेच आहे. तेल लावलेल्या केसांत दिवसभराचे कण जमा होतात आणि रात्री उशीवर उतरतात, म्हणून निजण्यापूर्वी केस धुणे, निदान ओल्या पंचाने पुसणे, फार उपयोगी पडते. बाहेरचे कपडे निजण्याच्या खोलीत आणू नयेत.

चाचणीत गाजरगवताची अ‍ॅलर्जी निघाली, तर शेवंती आणि झेंडू यांच्याशी जपून वागावे, कारण ती सर्व एकाच कुळातील आहेत. दसऱ्याचे तोरण दारावर राहू द्यावे. फुलांची परडी मात्र उशाशी नको. चतुर्थीची माटोळी, म्हणजे गणपतीच्या वर टांगलेली रानफळा-फुलांची चौकट, आमच्या घरी आजही पूर्वीसारखीच बांधली जाते, आणि ती सोडण्याचा सल्ला मी कोणालाही देणार नाही. रानातून आणलेल्या वस्तू बाहेरच झटकून मगच आत आणतो, आणि ते काम मुलगी करत नाही.

आणखी एक सावधगिरी. जून ते ऑगस्टमध्ये खिडक्या बंद असतानाही त्रास वाढत असेल, तर दोष बहुधा परागांचा नसतो. त्या दिवसांत गोव्याच्या हवेतील आर्द्रता बहुतेक वेळ ८० टक्क्यांच्या वर असते, आणि धुळीतील सूक्ष्म कोळी व बुरशी यांना ती मानवते. त्यासाठी ओल हटवावी लागते आणि अंथरूण ५५ ते ६० अंशांच्या गरम पाण्यात धुवावे लागते; परागांसाठी साधे धुणे पुरते.

आता यंत्राकडे वळू. खरा हेपा फिल्टर ०.३ मायक्रॉनचे ९९.९७ टक्के कण अडवतो, त्यामुळे परागांसाठी त्याची क्षमता पुरेशीहून अधिक आहे. पाहायचा आकडा वेगळा आहे: ते तासाला किती स्वच्छ हवा देते, ज्याला खोक्यावर सीएडीआर म्हटलेले असते. दहा बाय बारा फुटांच्या, दहा फूट उंच खोलीत सुमारे ३४ घनमीटर हवा असते. ती तासाला पाच वेळा गाळायची, तर १७० घनमीटरचे यंत्र हवे. ओझोन सोडणारी यंत्रे घेऊ नयेत, कारण ओझोन स्वतःच श्वासनलिकेला त्रास देतो. स्प्लिट एसी असेल तर तो खोलीतीलच हवा फिरवतो, म्हणून खिडक्या बंद ठेवणे सुसह्य होते. त्याची जाळी मोसमात दर पंधरवड्याला धुवावी.

यंत्र निजण्यापूर्वी तासभर दार लावून चालू करावे आणि रात्रभर मंद गतीवर ठेवावे. ते पलंगाजवळ, भिंतीपासून सुटे असावे. मोसम संपला की आमच्याकडे फिल्टर काढून, कोरडा करून, हवाबंद पिशवीत ठेवतो, कारण पावसाळ्यात तो यंत्रातच ओलसर राहिला तर त्यावर बुरशी धरते आणि पुढल्या सप्टेंबरात बटण दाबताच तीच खोलीभर पसरते. आपल्या पत्नींना शिंकांसोबत छातीत घरघर किंवा धाप जाणवत असेल, तर यातील कशाचीही वाट न पाहता आधी छातीच्या डॉक्टरांकडे जावे.