वीपिंग विलो आणि वाळुंज यांत फरक काय? बंगल्यापुढे कोणता लावावा?

वाळुंज हाही विलोच, दोघंही सॅलिक्स या एकाच वंशातले. हे मी माझ्या साडूला पंधरा वर्षं सांगतोय.

त्याचं म्हणणं, विलो म्हणजे काश्मीर, तुमच्या जावळीच्या ओढ्यावर तो कुठून येणार! अरे, माझं लहानपण त्याच ओढ्यावरच्या वाळुंजाखाली गेलं. पावसाळ्यात निम्मं खोड पाण्यात, तरी झाड ढिम्म. पानं खालून पांढुरकी, त्यामुळे वारा सुटला की अख्खं झाड रंग बदलायचं. बोंडं फुटली की कापूस उडायचा, आजीच्या वाळवणावर जाऊन बसायचा, आणि शिव्या आम्ही खायच्या.

साडूनं वास्तुशांतीच्या वेळी नर्सरीतून ‘वीपिंग विलो’ आणला, रोख बाराशे मोजून. फांद्या लोंबत होत्या, हे खरं. तिसऱ्या वर्षी त्याला बाटली धुवायच्या ब्रशसारखी लालभडक फुलं आली. बॉटलब्रश! ऑस्ट्रेलियातलं झाड, जांभळाच्या कुळातलं. म्हटलं, पान चुरगाळून वास घे, विलोला असा वास नसतो. तर म्हणे, ही लाल जात असेल. अजून पाहुण्यांना विलो म्हणूनच दाखवतो.

असो, तुमचा फरक. वीपिंग विलो मूळचा चीनचा. बायबलमध्ये बॅबिलोनच्या नदीकाठी जी झाडं आहेत ती हीच, अशा समजुतीनं झाडांना शास्त्रीय नावं देणाऱ्या लिनियसनं १७५३ मध्ये त्याला ‘बॅबिलोनिका’ केलं. म्हणजे नावापासूनच घोळ. फांद्या दोरीसारख्या खाली सुटतात, म्हणून फारसीत तो ‘बेद मजनूं’, म्हणजे मजनूसारखा विलो. वाळुंजाच्या तशा लोंबत नाहीत. वनस्पतीशास्त्रज्ञ रॉक्सबर्गनं वाळुंजाला ‘टेट्रास्पर्मा’ म्हटलं, म्हणजे चार बियांचा. वीपिंग विलोसारखं थंड हवेतलं झाड आपल्या उन्हाळ्यात कुंडीत जगवायचा हट्ट मला तरी फुकटचा वाटतो. वाळुंज लावा.

फक्त बंगल्याला लागून नको. विलोची मुळं पाण्याच्या मागे जातात. ड्रेनेजची लाईन, सेप्टिक टँक यांपासून चांगलं लांब. आणि जमीन कोरडी असेल तर दोन्ही विसरा, कडुनिंब लावा.

रोप शोधत बसू नका, पावसाळ्यात फांदी खोचली तरी फुटते. साडूला मी एक दिली होती. त्यानं ती कुंपणाबाहेर, सांडपाण्याच्या चरात खोचली. आज बॉटलब्रशच्या डोक्यावरून गेलीय.