वाचकांचे प्रश्न : सोलरची केबल छतातून न्यावी की वळचणीवरून?

प्रश्न : आमच्या शेतातल्या घरावर पत्रे आहेत. उन्हाळ्यात आत बसवत नाही म्हणून पत्र्याखाली थर्माकोलचा थर देऊन जिप्समचे छत करून घेतले. आता पत्र्यावर ३ किलोवॉटचे सोलर बसवत आहोत आणि इन्व्हर्टर मधल्या खोलीत ठेवायचा आहे. पॅनेलखालीच भोक पाडून थर्माकोलमधून केबल आणली तर ती कमी लागेल, असे फिटरचे म्हणणे आहे; घरच्यांना मात्र आगीची भीती वाटते. काय करावे?
— एक वाचक, उदगीर (जि. लातूर)

उत्तर : घरच्यांची भीती रास्त आहे, मात्र तिचे कारण थोडे वेगळे आहे. ५४० वॉटचे सहा पॅनेल एका ओळीत जोडले तर सुमारे २५० ते ३०० व्होल्ट दाब आणि १३-१४ अँपियर प्रवाह मिळतो. ४ चौरस मिलिमीटरची सोलर केबल थर्माकोलमध्ये गाडल्याने तिची क्षमता निम्म्यावर आली, तरी एवढा प्रवाह ती सहज पेलते. खरा धोका पत्र्याच्या कडेचा आहे. ड्रिलने पाडलेल्या भोकाची कड पात्यासारखी धारदार असते. पत्रा दिवसा तापून पसरतो, रात्री आकसतो, वाऱ्याने थरथरतो, आणि ती कड केबलचे आवरण हळूहळू कापत जाते.

आवरण कापले जाऊन ठिणगी सुरू झाली, तर ती विझवणे कठीण असते. घरातला एसी (उलटसुलट वाहणारा) प्रवाह सेकंदाला १०० वेळा शून्यावर येत असल्याने ठिणगीला विझायला वाव मिळतो. पॅनेलचा डीसी (एकाच दिशेने वाहणारा) प्रवाह अखंड असल्यामुळे ती धगधगत राहते. फ्यूज किंवा एमसीबीवरही विसंबता येत नाही, कारण पॅनेल शॉर्ट झाले तरी प्रवाह नेहमीपेक्षा जेमतेम एखाद्या अँपियरने वाढतो. ऊन असेपर्यंत पॅनेलमधला दाबही जात नाही. हे सारे थर्माकोलच्या बंद पोकळीत घडले तर धूर बाहेर येईपर्यंत कोणाला कळणार नाही.

म्हणून केबल पत्र्यावरून वळचणीपर्यंत आणि तिथून बाहेरच्या भिंतीवरून पाइपमधून खाली आणावी, असे आमचे स्पष्ट मत आहे. या वळशाने १० मीटर अंतर वाढले, तर भर उन्हात वाया जाणारी वीज सुमारे २० वॉट, म्हणजे ३,२०० वॉटमागे एक टक्क्याहूनही कमी. इन्व्हर्टरच ओसरीच्या सावलीतल्या, हवेशीर भिंतीवर बसवता आला तर फारच उत्तम, कारण मग डीसी वायर घरात येतच नाही.

अगदीच इलाज नसेल, तर भोक पत्र्याच्या उंचवट्यावर पाडावे, पाणी वाहणाऱ्या खोलगट भागात कधीही नाही. कड कानसीने घासून त्यात धातूचा पाइप बसवावा, त्याच्या दोन्ही तोंडांना रबरी बुश लावावेत, पाइपला अर्थिंग द्यावे, आणि केबल छत आडवी न छेदता सरळ उभी, कमीत कमी अंतरात पार करावी. पत्र्याशी पाइपच्या भोवती उन्हात टिकणारा रबरी कॉलर (बूट) व सीलंट हवा. बाहेर केबलला खाली झुकणारा वळसा दिला की पावसाचे पाणी तिथेच गळून पडते, केबलवरून ओघळत आत येत नाही. केबलचा सांधा किंवा एमसी-४ कनेक्टर (सोलर केबल जोडायचा प्लग) छताच्या आत कुठेही नको. सैल कनेक्टर हेच पुष्कळदा आगीचे मूळ ठरते. धातूच्या पाइपमुळे उंदरांपासूनही बचाव होतो.

केबल आयएस १७२९३ (सोलर केबलचे भारतीय मानक) प्रमाणित आहे, हे तिच्या आवरणावरचा छापा वाचून स्वतः पाहा. साधी पीव्हीसी वायर थर्माकोलला टेकली, तर पीव्हीसी मऊ ठेवणारा द्रव थर्माकोलमध्ये मुरतो आणि वायरचे आवरण कडक होऊन तडकते. छतातल्या पंख्या-दिव्यांच्या वायरीही त्यामुळे एकदा तपासून घ्याव्यात. मृगाआधीच्या विजांचा विचार करता अधिक व उणे केबल शेजारी शेजारी न्याव्यात आणि सर्ज संरक्षक (अचानक वाढलेला दाब जमिनीत सोडणारे उपकरण) बसवावा.

प्रश्न : आमचे घर माळवदाचे आहे. तिथेही हाच नियम का?
— एक वाचक, अंबाजोगाई (जि. बीड)

उत्तर : माळवदाला भोक पाडूच नये. मातीच्या थरातून पाणी मुरून खालची लाकडे कुजतात, आणि वाळलेल्या लाकडाजवळ डीसी केबल नेणे धोक्याचे आहे. केबल कठड्यावरून बाहेरच्या भिंतीने उतरवावी. पॅनेलचे पाय मातीवर न टेकता भिंतींच्या माथ्यावर घ्यावेत, आणि त्याआधी भिंतींची ताकद जाणकार गवंड्याकडून किंवा अभियंत्याकडून पाहून घ्यावी.