भारतातील लोक आपल्या घरांविषयी खरोखर समाधानी आहेत का?

घरे पूर्वीपेक्षा पक्की झाली आहेत, यात वाद नाही. २०१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीत शहरांतील ९६ टक्के, तर खेड्यांतील सुमारे ७७ टक्के कुटुंबे पक्क्या घरांत राहताना आढळली. पण समाधानाचे विचाराल, तर उत्तर घरातले कोण देते यावरच सारे ठरते, असे माझे स्पष्ट मत आहे.

२०११ च्या जनगणनेत सुमारे ५३ टक्के घरांची नोंद ‘चांगले’, ४१ टक्क्यांहून अधिक घरांची ‘राहण्यायोग्य’ आणि ५ टक्क्यांच्या आसपास घरांची ‘मोडकळीस आलेले’ अशी झाली. मधल्या ४१ टक्क्यांत कोल्हापूरच्या शुक्रवार पेठेतले आमचे घर आहे आणि ते तिथे कसे जाऊन बसले, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. जनगणनेच्या पहिल्या टप्प्यातील घरयादीसाठी प्रगणक बाई आल्या तेव्हा २०१० चा मे महिना होता आणि थोरले बंधू पुण्याहून सुट्टीला आले होते. सोप्यात, म्हणजे घराच्या पुढच्या भागात, पंख्याखाली बसून त्यांनी बाईंना तुळयांचे सागवान, दगडी जोते आणि उन्हाळ्यातला गारवा असे सगळे समजावून सांगितले आणि विचारण्याआधीच ‘चांगले’ लिहायला सांगितले. मी म्हणालो, ‘मोडकळीस लिहा.’ स्वयंपाकघराच्या मागच्या भिंतीने तेव्हा इतके पोट काढले होते की तिला दोन वाशांचा टेकू दिला होता आणि आई त्या वाशांना वळसा घालून चुलीपाशी जात असे. बाईंनी एकदा दादांकडे आणि एकदा टेकूकडे पाहिले आणि ‘राहण्यायोग्य’ लिहिले. किरकोळ दुरुस्तीची गरज असलेली घरे त्या रकान्यात येतात. आई आत भाकऱ्या थापत होती. तिला कोणी विचारले नाही, मीही नाही.

ती भिंत २०१९ च्या ऑगस्टमध्ये पडली. राजाराम बंधाऱ्याजवळ ४३ फुटांना धोक्याची पातळी गाठणारी पंचगंगा त्या वर्षी ५५ फुटांच्याही वर गेली. आमच्या सोप्यात कमरेइतके पाणी सहा दिवस होते आणि पांढऱ्या मातीची भिंत पाणी पिऊन बसली ती पूर ओसरल्यावर तिसऱ्या दिवशी रात्री खाली आली. पंचनामा करायला आलेल्यांनी मालकाचे नाव विचारले, तेव्हा मिळकत पत्रिकेवर आमच्या आजोबांचे नाव निघाले, जे जाऊन त्या वेळी ३१ वर्षे झाली होती. दादांचा फोन आला तो देव्हाऱ्यासमोरची तुळई शाबूत आहे ना, हे विचारण्यासाठी.

२०११ मध्ये देशातील सुमारे ८७ टक्के कुटुंबे स्वतःच्या मालकीच्या घरात राहत होती, हा आकडा लोक मोठ्या अभिमानाने सांगतात. या मालकीत आमच्यासारखी किती घरे असतील याचा विचार करावा: नाव मृताचे, वारस सात, राहणारे दोन. अशा घरात न्हाणीची फरशी बदलायची म्हटली तरी चार फोन करावे लागतात आणि पाडून नवे बांधायचे म्हटले की पुण्यात लिफ्ट असलेल्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या माणसाला वाडा संस्कृती आठवते. दादांचा आग्रह असा की जुन्या घराला हात लावू नये. माझे म्हणणे एवढेच आहे की ज्याला त्या घरात पावसाळा काढायचा नाही, त्याने त्याच्या गारव्याचे कौतुक करू नये.

तुम्हाला घराबाबत समाधान हवे असेल, तर आधी मिळकत पत्रिकेवर वारसांची नोंद करून घ्या आणि वाटणी तोंडी न ठेवता वाटणीपत्र नोंदणीकृत करा. रंग, फर्निचर हे नंतरचे. सगळे भाऊ हसतखेळत चहा पीत असतानाच ही कामे होतात.

हे सारे मी पेठेतल्या वडिलोपार्जित घराविषयी लिहितो आहे, हे मान्य आहे. भाडेकरूंचे, झोपडपट्टीचे, एका खोलीत पाच जण राहणाऱ्यांचे दुःख वेगळे आणि आमच्यापेक्षा मोठे आहे. २०११ मध्ये ३७ टक्के कुटुंबांना एकच खोली होती. दादांविषयीही सांगायचे, तर पडलेल्या भिंतीच्या विटांचे पैसे त्यांनी न मागता पाठवले.

भिंत नवी झाल्यावर मी आईला पहिल्यांदाच विचारले, की तुला हे घर कसे वाटते. ती म्हणाली, ‘घराला काय झालंय? न्हाणीची पायरी तेवढी उंच हाय.’ पायरी मी त्याच आठवड्यात फोडून घेतली, कोणालाही फोन न करता. आता २०२७ च्या जनगणनेच्या घरयादीसाठी प्रगणक दारात येतील, तेव्हा सोप्यात आई बसेल, हे मी दादांनाही कळवून ठेवले आहे.