वाचक विचारतात : टाक्या भरण्यासाठी स्वतःचा कॉम्प्रेसर घ्यावा का?

प्रश्न : तारकर्लीजवळ आम्हा दोघा भावांचा घरगुती निवासाचा व्यवसाय आहे. ऑक्टोबर ते मे या हंगामात आम्ही प्रशिक्षित स्कूबा डायव्हरना आमच्या होडीतून नेतो. आमच्याकडे ८ टाक्या आहेत आणि त्या भरून आणायला रोज संध्याकाळी टेम्पोने १२ किलोमीटर जावे लागते. मिनिटाला १०० लिटर हवा देणारा, पेट्रोल इंजिनाचा एक जुना पोर्टेबल कॉम्प्रेसर विकाऊ आहे. तो घ्यावा का?
— एक वाचक, मालवण तालुका

उत्तर : आधी वेळेचा हिशेब मांडू. आपल्याकडच्या नेहमीच्या ॲल्युमिनियम टाकीत सुमारे ११ लिटर पाणी मावते. डायव्हर ५० बार (बार हे दाबाचे एकक, एक बार म्हणजे साधारण आपल्या भोवतालच्या हवेचा दाब) हवा शिल्लक ठेवून वर आला असे धरले, तर ती टाकी पुन्हा २०० बारवर नेण्यासाठी साधारण १६५० लिटर हवा आत कोंबावी लागते, म्हणजे या यंत्राची सोळा-सतरा मिनिटे. आठ टाक्यांना सव्वादोन तास होतात, आणि टाक्या बदलणे, यंत्रात साचलेले पाणी सोडणे धरले तर तीन तास कुठे गेले ते कळत नाही. या सगळ्या वेळात यंत्राजवळ जबाबदार माणूस उभा असावा लागतो. टेम्पोची फेरी वाचेल, माणसाची संध्याकाळ वाचणार नाही. शिवाय पोर्टेबल म्हटले तरी असे यंत्र चाळीस-पंचेचाळीस किलोचे असते, ते दोघांनी मिळूनच उचलावे.

तरीही आपला रोजचा वापर पाहता कॉम्प्रेसर घेणे अवाजवी नाही. मात्र हवा दाबणे हे या यंत्राचे सोपे काम आहे. श्वासाला योग्य अशी हवा देणे हे अवघड काम, आणि ते निम्मे यंत्राचे व निम्मे मालकाचे असते. कोकणात त्याचा पहिला शत्रू दमटपणा. २० अंश तापमानाला एका घनमीटर हवेत जास्तीत जास्त १७ ग्रॅम बाष्प मावते, ३० अंशांना ३० ग्रॅम. आपल्या किनाऱ्यावर एक रिकामी टाकी पूर्ण भरताना यंत्र पन्नासेक ग्रॅम पाणी ओढून घेते, म्हणजे कटिंग चहाचा पेला अर्ध्याहून अधिक भरेल एवढे. त्यातले बरेचसे पाणी विभाजकांत, म्हणजे हवेतून पाणी वेगळे करणाऱ्या भांड्यांत, साचते आणि दर दहा-पंधरा मिनिटांनी तोटी उघडून ते सोडावे लागते. उरलेले बाष्प फिल्टरमधील मॉलिक्युलर सिव्ह नावाचे ओल टिपणारे दाणे शोषून घेतात, तर तेलाची वाफ आणि वास सक्रिय कोळसा धरतो. माहितीपुस्तिकेत फिल्टरचे जे तास दिलेले असतात ते बहुधा २० अंशांच्या हिशेबाने असतात. आपल्या एप्रिल-मे महिन्यांत ते निम्मे किंवा त्याहूनही कमी धरावेत. फिल्टर महाग असतो म्हणून तो आणखी आठवडाभर ओढण्याचा मोह होतो, आणि ज्याला हा मोह आवरणार नाही त्याने यंत्र घेऊच नये असे मी स्पष्टपणे सांगेन.

दुसरी गोष्ट इंजिनाच्या धुराची. पेट्रोल इंजिन आणि हवा ओढणारी नळी एकाच सांगाड्यावर असतात. नळी वाऱ्याच्या वरच्या बाजूला आणि उंच बांधली की झाले, असे सांगितले जाते, आणि ते खरेही आहे. पण आपल्याकडे दिवसा खारे वारे समुद्रावरून येतात आणि रात्री मतलई वारे जमिनीवरून सुटतात. आपण टाक्या संध्याकाळी भरणार, म्हणजे नेमक्या वारा पडून दिशा बदलण्याच्या वेळी. त्यामुळे घरी यंत्र ठेवायचे असेल, तर पेट्रोलऐवजी थ्री-फेज विजेच्या मोटरचे घ्यावे, असा माझा सल्ला आहे. वीज गेली तर त्या दिवशी टेम्पो काढावा. पेट्रोल इंजिन जिथे वीजच नाही तिथे शोभते.

हेच जुने यंत्र घ्यायचे ठरले, तर विक्रेत्याच्या शब्दापेक्षा घड्याळावर विश्वास ठेवावा. पूर्ण रिकामी टाकी लावून ती २०० बारवर न्यायला सांगावे. बावीस-तेवीस मिनिटे लागली तर यंत्र सांगितल्याप्रमाणे चालते आहे. पस्तीस लागली तर रिंगा किंवा झडपा झिजल्या आहेत. सुरक्षा झडप ठरलेल्या दाबाला उघडते का ते समक्ष पाहावे. तेल कोणते घालतात तेही विचारावे, कारण यात श्वसनाच्या हवेसाठी बनवलेले कॉम्प्रेसर तेलच चालते आणि गाडीचे इंजिन ऑइल घातलेले यंत्र मी फुकटही घेणार नाही. सौदा करण्यापूर्वी हवेचा नमुना तपासून घ्यावा. कायद्याच्या बाजूने पाहता, उच्च दाबाची सिलिंडरे गॅस सिलिंडर नियम, २०१६ च्या कक्षेत येतात आणि त्यांची अंमलबजावणी करणाऱ्या पेसो या केंद्रीय संस्थेचे मुख्यालय नागपुरातच आहे. टाक्यांची मान्यता, त्यांची ठरावीक मुदतीची जलदाब चाचणी आणि भरण्याची परवानगी यांविषयी त्यांच्याकडून लेखी उत्तर मिळवल्याशिवाय पैसे मोजू नयेत.

पावसाळ्याचे चार महिने यंत्र झाकून ठेवले की काम संपले, असे समजू नये. आतले पाणी पूर्ण सोडावे आणि मधूनमधून यंत्र दाबाखाली थोडा वेळ चालवावे. नाहीतर सप्टेंबरात गंज आपले स्वागत करील.

प्रश्न : ऑनलाइन बाजारात ३०० बारपर्यंत दाब देणारे, गाडीच्या बॅटरीवर चालणारे छोटे पंप अगदी स्वस्तात दिसतात. वर्षातून दोनदा डायव्हिंगला जाणाऱ्या माझ्यासारख्याला ते पुरतील का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : नाही. हे पंप एअरगनच्या पाव-अर्ध्या लिटरच्या नळकांड्यांसाठी असतात. अकरा लिटरची टाकी भरायला त्यांना कित्येक तास लागतात आणि तोवर ते तापून थकतात. दाब पुरेसा असला तरी त्यांचा फिल्टर म्हणजे बहुतेकदा कापसाचा बोळा असतो. वर्षातून दोनदा जाणाऱ्याने डायव्ह केंद्रातून भरलेली टाकी भाड्याने घ्यावी आणि हवेच्या तपासणीचा अहवाल मागायला संकोचू नये.

प्रश्न : मी मस्कतमध्ये नोकरीला आहे. आम्ही चार मित्रांनी मिळून पेट्रोलवर चालणारा कॉम्प्रेसर घेतला. हवेला वास येत नाही, फिल्टर नवा आहे, तरी खोल डायव्हनंतर आमच्यापैकी दोघांचे डोके दुखते. उथळ पाण्यात तसे होत नाही.
— एक वाचक, ओमान

उत्तर : श्वास रोखून हवा वाचवण्याच्या सवयीनेही डोके दुखते. पण एकाच यंत्राची हवा घेणाऱ्या दोघांना आणि तेही खोलवरच त्रास होतो, तेव्हा संशय कार्बन मोनॉक्साइडवर धरावा. या वायूला वास नसतो आणि साधा कोळसा त्याला अडवत नाही. त्यासाठी फिल्टरमध्ये हॉपकॅलाइट (या वायूचे कार्बन डायऑक्साइडमध्ये रूपांतर करणारे रसायन) असावे लागते आणि तेही हवा कोरडी असेल तरच काम करते. खोलीचा संबंध असा की ३० मीटरवर एकूण दाब पृष्ठभागाच्या चौपट होतो, म्हणून टाकीतले १५ पीपीएम (दहा लाख भागांत १५ भाग) शरीराला ६० पीपीएमसारखे लागतात. श्वसनाच्या हवेसाठीच्या युरोपीय मानकात मर्यादा ५ पीपीएम आहे, अमेरिकेत डायव्हिंगसाठी वापरल्या जाणाऱ्या ‘ई’ प्रतीच्या हवेला १०. वायू इंजिनाच्या धुरातून येत असेल किंवा उन्हात अति तापलेल्या कॉम्प्रेसरच्या आत तेल जळूनही तयार होत असेल. भरलेल्या सर्व टाक्या उघड्या जागी रिकाम्या कराव्यात, त्या दोघांनी डायव्हिंगची माहिती असलेल्या डॉक्टरांना भेटावे, आणि हातात धरायचा कार्बन मोनॉक्साइड मापक आणून प्रत्येक टाकीचे माप वहीत लिहू लागेपर्यंत ते यंत्र चालू करू नये.