वाचकांचे प्रश्न : शब्दकोड्यांनी स्मरणशक्ती टिकते का?

प्रश्न : माझे वय 68 आहे. रोज शब्दकोडी सोडवल्याने स्मृतिभ्रंश टळतो का?

उत्तर : केवळ कोड्यांनी तो टळतो, असे सिद्ध झालेले नाही, सरावाने माणूस मुख्यतः कोड्यांतच तरबेज होतो. फिनलंडमधील ‘फिंगर’ अभ्यासात 60 ते 77 वर्षे वयाच्या, स्मृतिभ्रंशाचा धोका काहीसा अधिक असलेल्या 1,260 व्यक्तींपैकी निम्म्यांना दोन वर्षे आहार, व्यायाम, बौद्धिक सराव आणि रक्तदाबादी घटकांवर देखरेख असा एकत्रित कार्यक्रम देण्यात आला, तर उरलेल्यांना सर्वसाधारण आरोग्यसल्ला मिळाला. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार आकलनक्षमतेच्या चाचण्यांत पहिल्या गटाची सुधारणा सुमारे 25 टक्क्यांनी अधिक होती. सुधारणा दुसऱ्या गटातही झाली, हे मात्र उत्साही जाहिरातींत सहसा सांगितले जात नाही. शिवाय चाचणीतील गुण वाढणे म्हणजे स्मृतिभ्रंश टळणे नव्हे.

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने 2024 मध्ये स्मृतिभ्रंशाचे बदलता येण्याजोगे 14 धोकाघटक नोंदवले असून त्यांत उच्च रक्तदाब, मधुमेह आणि सामाजिक एकाकीपणा यांच्याबरोबरच श्रवणदोषही आहे, ज्याकडे माझ्या मते सर्वाधिक दुर्लक्ष होते. कोडी आवडत असल्यास अवश्य सोडवा. पण कानांची आणि रक्तदाबाची तपासणी आधी करून घ्या.